ओलं लाकूड, पांढरं सूत: सोलापुरातल्या एका डाईंगचं प्रकरण

टॉवेल टेबलावर पसरून मालक म्हणाले, "सर, ठिपके मोजा."

मी मोजले. सात. तिळाएवढे, काळे, आणि पांढऱ्याशुभ्र टेरी टॉवेलवर नेमके डोळ्यांत भरणारे. व्यापाऱ्याने अख्खा लॉट परत पाठवला होता. मालकांचं अक्कलकोट रोड एमआयडीसीत सुताचं डाईंग आणि ब्लीचिंगचं छोटं युनिट. माग दुसऱ्याचे, टॉवेल तिसऱ्याचा, पण डाग पडले की बोट डाईंगवाल्याकडे जातं. त्यांना कॉलेजकडून एकच हवं होतं: डाग आपला नाही, असं लेटरहेडवर लिहून. मी मेकॅनिकलचा मास्तर. "बघून सांगतो," एवढंच म्हणालो.

या प्रकरणाची सुरुवात अशी झाली. इंधनबचत, प्रदूषण, संशोधन यातलं काही त्या दिवशी कुणाच्या मनात नव्हतं. हे आधी नोंदवतो, कारण नंतर आम्ही प्रबंधाच्या पहिल्या पानावर 'ऊर्जा कार्यक्षमतेची निकड' वगैरे लिहिलं आणि ते वाचून सगळं आधीपासून ठरवून केल्यासारखं वाटतं.

सोलापूरला सुताची सवय जुनी. जुनी मिल १८७७ साली सुरू झाली. गिरण्या गेल्या, पण माग राहिले, चादर राहिली आणि टॉवेल वाढला. सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेल, दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे. चादरीचं नाव मागावर होतं, पण रंग टिकतो तो डाईंगमध्ये, आणि डाईंग म्हणजे मुख्यतः पाणी तापवणं. ब्लीचिंगला उकळी, हॉट ब्रँड रिॲक्टिव्ह या गरम पाण्यात चढणाऱ्या रंगांना ८० अंशांच्या घरात, रंग झाला की साबणाची उकळी, मग धुणं. या युनिटात ती वाफ लाकडावर चालणाऱ्या लहान बॉयलरमधून येते. सुताच्या लडी हायड्रोत, म्हणजे गरगर फिरवून पाणी काढणाऱ्या यंत्रात, पिळून काढतात आणि गच्चीवर बांबूंवर वाळत घालतात. बॉयलरची चिमणी त्याच गच्चीच्या पश्चिमेला.

इथे वाचकाला उत्तर कळलं असेल. आम्हाला तीन आठवडे लागले, कारण आम्हाला सिद्ध करायचं होतं. संशयित तीन: जुन्या पाइपांचा गंज, मशिनचं ग्रीस, चिमणीची काजळी. केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये ठिपक्यावर ऑक्झॅलिक ॲसिड टाकलं. गंज असता तर विरला असता, ठिपका हलला नाही. पेट्रोलचा बोळा फिरवला. ग्रीस पसरलं असतं, ठिपका जागच्या जागी. मायक्रोस्कोपखाली तंतूंच्या जाळ्यात अडकलेले भुसभुशीत काळे कण दिसले. तरी मालक मानेनात. मग आमच्या एम.टेक.च्या पोराने काचपट्ट्यांना व्हॅसलीन चोपडून त्या रात्रभर गच्चीवर, गल्लीत आणि शेजारच्या घरांच्या कठड्यांवर ठेवल्या. सकाळी चिमणीपासून वाऱ्याच्या दिशेच्या पट्ट्या मिरपूड भुरभुरल्यासारख्या, उलट बाजूच्या जवळपास स्वच्छ. पट्ट्या गोळा करताना शेजारच्या बाई त्याला म्हणाल्या, "आम्ही पांढरं वाळत घालायचं कधीच सोडलंय बाबा. तुमच्या मालकाला आज कळायलंय होय?"

मालकांचाच धूर मालकांच्या सुतावर बसत होता. लेटरहेड मिळालं, पण त्यांना हवं होतं ते नाही.

चार महिने वाया

पुढची चूक माझी. काजळी म्हणजे अर्धवट जळण, म्हणजे फर्नेसचा प्रश्न, म्हणजे संगणकावर फर्नेसचं मॉडेल, म्हणजे एक छान प्रबंध. मी पोराला त्या वाटेला लावलं. सोबत इकॉनॉमायझर (चिमणीतल्या धुराच्या उष्णतेवर बॉयलरचं पाणी तापवणारं साधन) आणि कंडेन्सेट, म्हणजे वाफेचं झालेलं गरम पाणी, परत आणण्याची योजना. पुस्तकातले आकडे चोख आहेत: बॉयलरला जाणारं पाणी दर ६ अंश जास्त गरम झालं की साधारण १ टक्का इंधन वाचतं, चिमणीतून जाणारा धूर दर २२ अंशांनी थंड केला तरी साधारण १ टक्का. ३० अंशांचं पाणी ७० वर नेलं की साडेसहा टक्के घरबसल्या. पोराने रंगीत स्लाइड्स केल्या.

मालकांनी ऐकून घेतलं आणि टबांकडे नेलं. वाफेचा पाइप सरळ टबाच्या पाण्यात सोडलेला. उघडी वाफ. ती पाण्यात मिसळून जाते. परत आणायला कंडेन्सेट उरतंच कुठे? मी या युनिटात तोवर तीनदा गेलो होतो आणि हे पाहिलं नव्हतं. पाहिलं होतं, पण नजरेत आलं नव्हतं, असं म्हणणं जास्त खरं. टबातून सोडलेल्या गरम पाण्यातली उष्णता घ्यावी म्हटलं, तर त्यात सुताचे इतके धागे की कुठलाही एक्सचेंजर आठवड्यात बुजला असता. इकॉनॉमायझरची किंमत ऐकून मालक हसले. "सर, एवढ्यात मी दुसरा बॉयलर घेईन की."

पोरगा हिरमुसून बॉयलरपाशी जाऊन बसला. तिथे मामा होते.

मामा म्हणजे फायरमन. अक्कलकोटच्या पलीकडचे, घरी कानडी, बाहेर सोलापुरी मराठी. वीसेक वर्षं आगीसमोर. मामा एक ओंडका आत सारत म्हणाले, "तुम्ही आत काय जळायलंय ते बघायलाय. आधी बाहेर काय पडलंय ते बघा की."

बाहेर लाकूड पडलं होतं. बहुतेक वेडी बाभूळ, थोडं सुबाभूळ, मधेच चिंच. परवाच उतरलेली गाडी. कापल्या टोकाला हात लावला तर गार लागत होता. आगीत टाकलं की मागच्या टोकातून फेस येऊन 'स्स' आवाज. तो आवाज पाण्याचा. लाकडात पाणी असतं हे कुणाला माहीत नाही? पण किती, हे कुणी मोजलं नव्हतं.

वजनकाट्यावरचं पाणी

मोजणं अगदी सोपं. गाडीतून पाच-सहा ओंडके निवडायचे, मधोमध कापून भुसा-ढलप्या घ्यायच्या, तोलायच्या, १०५ अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवायच्या आणि वजन घटायचं थांबेपर्यंत परत परत तोलायच्या. जितकं घटलं तितकं पाणी. सुयांचा ओलावामापक आम्ही आधी वापरून पाहिला, पण तो वरवरचं सांगतो. बाहेरून सुकलेला बुंधा आत ओलागच्च असतो. सिव्हिलच्या लॅबमध्ये मातीचे नमुने वाळवायचा ओव्हन होता. तिथल्या सहायकाने लाकूड पाहून कपाळाला हात लावला, पण ठेवू दिलं.

ताज्या तोडीच्या गाडीत १०० किलोमागे ४० किलोच्या आसपास पाणी निघालं. आता हिशेब मांडा. दहा टनांची गाडी, वजनकाट्याच्या पावतीवर दहा टन, पैसे दहा टनांचे. त्यात लाकूड सहा टन आणि पाणी चार टन. ज्या शहरात नळाला दिवसांआड पाणी येतं, तिथे हा माणूस लाकडाच्या भावाने चार हजार लिटर पाणी विकत घेत होता, आणि वर ते आटवायला लाकूड जाळत होता. एक लिटर पाणी ३० अंशांपासून उकळीला न्यायला ७० किलोकॅलरी आणि त्याची वाफ करायला ५४०, मिळून ६१०. ही वाफ टबात जात नाही, चिमणीतून जाते. तेच लाकूड २० टक्के ओलाव्यापर्यंत वाळवलं तर गाडीचं वजन साडेसात टनांवर येतं, अडीच हजार लिटर पाणी उन्हाने फुकट नेलेलं असतं आणि सव्वापंधरा लाख किलोकॅलरी वाचतात. कोरडं लाकूड किलोला चार हजारांवर किलोकॅलरी देतं. म्हणजे गाडीमागे साडेतीनशे किलोच्या घरात कोरडं लाकूड. एकूण उष्णतेत सहा टक्क्यांच्या आसपास भर.

सहा टक्के ऐकून संशोधकाचे डोळे चमकत नाहीत. पण ओल्या लाकडाचा खरा तोटा या सहा टक्क्यांत मावत नाही. पाणी आधी आटतं, ज्वाळा थंड पडते, लाकडातला वायू न जळताच निघून जातो, आणि तोच काजळी नि डांबर होऊन गच्चीवरच्या सुतावर उतरतो. मालकांचे सात ठिपके आणि मामांचा 'स्स' यांचं मूळ एकच होतं. सोलापूर २०१९ च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमातल्या शहरांपैकी एक आहे. हवेचे आकडे त्या कार्यक्रमात मोजले जातात. ओंडक्यातलं पाणी कोण मोजणार?

लाकूड वाळवायचं कसं, यावर पोरगा पहिल्यांदा खुलला. तो मंगळवेढ्याकडचा, घरी ज्वारीची शेती. "सर, कडब्याची गंज लावतो तसं." खाली दगड आणि दांडकी टाकून जमिनीपासून वीतभर उंच, एक थर उभा, एक आडवा, माथ्यावर पत्रा, बाजू उघड्या. मालक चारी बाजूंनी ताडपत्री गुंडाळणार होते, त्याने होऊ दिलं नाही. आतली ओल बाहेर जाणार कुठून? मार्च ते मे इथे ऊन फुकट आणि भरपूर आहे, वर्षभराचा पाऊस साडेपाचशे मिलिमीटरच्या आगेमागे आणि त्याचा मोठा हिस्सा सप्टेंबरात. वाळवण्याचं यंत्र म्हणून सोलापूरचा उन्हाळा कुठल्याही प्रयोगशाळेला लाजवील. रंग लावून खूण केलेले बारा ओंडके दर शनिवारी तोलायचे, एवढाच खर्च. मेअखेर ते खडखडीत झाले, टोकांना चिरा पडल्या.

पहिला आठवडा

जूनच्या सुरुवातीला कोरडं लाकूड पेटवलं. आठवडाभर लाकडाची नोंद ठेवली आणि शनिवारी वही उघडली, तर बचत जवळपास शून्य.

पोराचा चेहरा बघवत नव्हता. मी वहीतल्या बेरजा दोनदा तपासल्या. शेवटी दोघं जाऊन सकाळपासून बॉयलरपाशी उभे राहिलो. मामा जुन्या सवयीने टाकत होते तेवढेच ओंडके टाकत होते. डँपर, म्हणजे चिमणीची ओढ कमी-जास्त करणारी झडप, पूर्ण उघडा, कारण ओल्या लाकडाला ओढ जास्त लागते. कोरडं लाकूड भडकून पेटायचं, दाब चढायचा, सेफ्टी व्हॉल्व्ह 'फुस्स' करून वाफ हवेत सोडायचा, आणि मग मामा पुढचे ओंडके घालायचे. चिमणीच्या तळाशी तापमान आधीपेक्षा साठ-पासष्ट अंशांनी वर. २२ अंशांना एक टक्का धरला तर तीन टक्के तिथेच गेले. उरलेलं व्हॉल्व्हने नेलं. लाकूड बदललं होतं, पण आग हाताळायची पद्धत बदलायला आम्ही कुणाला सांगितलंच नव्हतं.

"लई भरभर जळायलंय सर. ओलं लाकूड कसं, धरतं."

'धरतं' हा शब्द आम्ही ऐकून सोडून दिला होता. त्याचा अर्थ मला त्या दिवशी कळला. ओला ओंडका सावकाश जळतो, म्हणजे एकदा टाकला की वीस मिनिटं बघावं लागत नाही. त्या वीस मिनिटांत मामा बाहेर लिंबाखाली बसायचे, पाणी प्यायचे. कोरड्या लाकडाला थोडं थोडं आणि वारंवार टाकावं लागतं. दर दहा मिनिटांनी दार उघडा, तोंडावर झळ घ्या. जळण चांगलं व्हावं म्हणून पोराने ओंडके बारीक फोडायला लावले होते, त्याने तर ते आणखी लवकर संपत होते.

डँपर अर्ध्यावर आणला, टाकायचं प्रमाण कमी केलं, आणि दुसऱ्या आठवड्यापासून आकडे कागदाच्या जवळ येऊ लागले. डँपर आणखी दाबला तर पुन्हा काळा धूर. तो बिंदू सापडायला चार दिवस गेले. पोरगा खूश, मालक खूश. मामा तिसऱ्या आठवड्यात मला म्हणाले, "पैसा मालकाचा वाचायलंय, घाम माझा जायलंय. ते कुठं लिहिलंय की ओ सर?"

कुठेच लिहिलं नव्हतं. आमच्या तक्त्यात लाकडाचं वजन, पाण्याचं तापमान, वाफेचा दाब, धुराचं तापमान असे रकाने होते. दार किती वेळा उघडलं, हा रकाना नव्हता. संशोधनाचा समाजाला उपयोग, असा एक परिच्छेद प्रत्येक प्रस्तावात लिहावा लागतो, मीही लिहिला होता. त्यात समाज म्हणजे मालक आणि गल्ली. आगीसमोर उभा असलेला माणूस आमच्या लेखी यंत्राचा भाग होता, आणि हे लिहिताना मला अजून लाज वाटते.

पोराने रकाना वाढवला. दोन दिवस दार उघडण्याच्या वेळा लिहिल्या, आणि मग उपाय मामांनीच सांगितला: फोडू नका. जाड बुंधे तसेच वाळवा, मागे दोन जाड लावा आणि पुढे बारीक. मागचे धरतात, पुढचे पेटवतात. आमच्या मॉडेलमध्ये सगळे तुकडे सारखे होते, म्हणून हे सुचणं शक्यच नव्हतं. जाड बुंधा एका उन्हाळ्यात आतपर्यंत पूर्ण वाळत नाही, थोडं पाणी राहतं, कागदावरची थोडी बचत जाते. पण टाकण्याच्या दोन वेळांतलं अंतर पंधरा मिनिटांवर गेलं. मी ही तडजोड प्रबंधात 'उत्तम बिंदू' म्हणून लिहायला लावली. परीक्षकाने विचारलं, उत्तम कशासाठी? पोराने सांगितलं, "मामांच्या बसण्यासाठी." व्हायव्हात हशा झाला. पोरगा गंभीर होता.

मामांच्या रोजच्या मजुरीत वाढ व्हावी म्हणून मी मालकांना दोनदा भेटलो. पहिल्यांदा "बघू". दुसऱ्यांदा मी व्यापाऱ्याने परत केलेला तो टॉवेलच घेऊन गेलो. वाढ झाली, थोडी.

लाकूडवाल्याचं काय

कोरड्या वजनावर भाव लावा, हे वखारवाल्याला सांगायला गेलो तेव्हा त्याने आम्हाला चहा पाजला आणि म्हणाला, "काटा सांगतो तेच वजन." त्याचंही खोटं नव्हतं, वाळवून विकलं तर दहाचे साडेसात टन त्याच्या पदरी, आणि तोडणारे, हमाल, ट्रकवाले यांचे पैसे दहाच्या हिशेबाने गेलेले. शेवटी ठरलं ते असं: मालकांनी जास्तीत जास्त लाकूड उन्हाळ्यात घ्यायचं, त्यासाठी वखारवाल्याला आगाऊ उचल द्यायची, पावसाळ्यात आलेली गाडी ओली निघाली तर घट धरायची किंवा परत. वर्षाचं लाकूड एकदम घ्यायला भांडवल आणि जागा लागते. ते मालकांकडे होतं. शेजारच्या दोन युनिटांकडे नव्हतं, आणि ते आजही परवाची गाडी आज जाळतात. गल्लीतली काजळी कमी झाली आहे, गेलेली नाही.

पण गाडी ओली हे दारात ठरवणार कोण? ओव्हनला रात्र लागते, ट्रकवाला रात्र थांबत नाही. मामा दोन ओंडके हातात घेऊन एकमेकांवर आपटायचे. कोरडं 'टण' वाजतं, ओलं 'धप'. पोराने हेही तपासलं: ओंडक्यांवर नंबर घालून मामांना वाजवायला दिले, निकाल लिहून घेतला, मग तेच ओंडके कापून ओव्हनमध्ये. मामा बहुतेक ठिकाणी बरोबर निघाले. चुकले ते चिंचेवर. चिंचेचं लाकूड ओलं असलं तरी घट्ट वाजतं. त्यावर मामा म्हणाले, "मग चिंच घेऊच नका."

हे काही नवं शास्त्र नाही. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत शास्त्रज्ञ अमूल्य रेड्डी यांनी १९७४ साली 'अस्त्र' हा गावांसाठी तंत्रज्ञान शोधणारा गट उभा केला, आणि त्या गटाने लाकूड वाचवणारी तीन भांड्यांची चूल काढली. तिचं नाव 'अस्त्र ओले'. कानडीत ओले म्हणजे चूल. मी हे मामांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ हसत होते: मराठीत ओलं, कानडीत ओले, आणि आम्ही दीड वर्षं दोन्हींच्या मध्ये.

आमचा निबंध एका नियतकालिकाने परत पाठवला. शेरा एका ओळीचा: नावीन्य नाही. खरंच नाही. लाकूड वाळवून जाळावं हे आजीला माहीत होतं. माझ्या पदोन्नतीच्या फॉर्मवर निबंधांना गुण आहेत, पेटंटला आहेत. अर्ध्यावर आणलेल्या डँपरला नाहीत. दुसरी अडचण जास्त बोचते: पोरगा दोन वर्षांनी पास होऊन चाकणला नोकरीला गेला, आणि पुढच्या एम.टेक.वाल्याला लाकडात रस नव्हता. त्याला बॅटऱ्या हव्या होत्या. युनिटात जे टिकलं ते मामा आहेत म्हणून. ते सुट्टीवर गेले की बदली फायरमन डँपर पूर्ण उघडतो. मी डँपरच्या दांड्याला पांढऱ्या रंगाने खूण करून दिली आहे. ती काजळीने झाकली जाते आणि दर महिन्याला पुसावी लागते.

गेल्या सप्टेंबरात मी सहज डोकावलो. पाऊस लागून होता, गंजीच्या माथ्यावरचा पत्रा ताडताड वाजत होता. बॉयलरच्या दारामागे खिळ्याला एक वही लटकवलेली. पोराने आखून दिलेले रकाने संपले होते, मामांनी हाताने नवे ओढले होते. गाडीचा नंबर, तारीख, आणि शेवटच्या रकान्यात एकच अक्षर: 'को' किंवा 'ओ'. त्या दिवशीच्या तारखेपुढे 'ओ' होतं, आणि त्याखाली पेन जोरात दाबून लिहिलेलं: परत.